मंगलताई, सगळं तुझ्यावर घालणार होते

मंगलताई,

तू गेलीस, आणि आता मी दाराला आतून दोन कड्या लावते. एक आधीची होती, दुसरी परवा सुताराला बोलावून बसवून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "चोराचं एवढं भ्या कवापासनं वाटाया लागलं तुला?" मी म्हटलं, दिवस बरे नाहीत. हे रात्रपाळीला गेले की घरात आम्ही दोघीच असतो. खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, की तो पुढं जाईपर्यंत माझा हात जिथं असेल तिथंच राहतो. पिठात असला तर पिठात. अनोळखी नंबरवरून फोन आला, की मी तो वाजू देते आणि वाजून थांबला की जास्त घाबरते.

हे ज्या एका माणसाला सांगितलं असतं, ते माणूस तू. म्हणून लिहायला बसले आहे.

आपण दोघी एकाच वेळी त्या शाळेत लागलो. लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला, पत्र्याच्या चार खोल्या. तू गणित आणि विज्ञान शिकवायचीस, मी मराठी. तुझं माहेर पणदऱ्याचं, सासर लासुर्ण्यात. मी बारामतीहून एसटीनं फाट्यापर्यंत यायचे आणि पुढं तुझ्या स्कूटीवर मागं बसायचे. शाळा विनाअनुदानित. म्हणजे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे, सहल न्यायची, आणि महिना संपला की काहीच नाही. अनुदान येणार, येणार, हे ऐकत तुझी प्राजक्ता पहिलीतून दहावीत गेली. तू ब्लाउज शिवायचीस. मी रविवारी बारामतीत साड्यांच्या दुकानात घड्या उलगडत उभी राहायचे. एकदा आपल्या आठवीतली एक मुलगी आईबरोबर तिथं आली. मी हसले, तिनं ओळख दिली नाही. माझ्यासाठी तीच लाजली बिचारी. सोमवारी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "आगं मग तिला साडी तरी चांगली दिलीस का?" मला रडायचं होतं, तू मला हसवून मोकळी झालीस.

तुझं शिकवणं मला कधी कधी खिडकीतून बघावंसं वाटायचं. बाजारातल्या खाटकाकडून बोकडाचा डोळा आणलास, त्यातलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवलंस, आणि एकेका पोराला वाकून बघायला लावलंस. अक्षरं मोठी दिसली तसा वर्ग ओरडला. मुख्याध्यापक माळकरी, ते नाकाला उपरणं लावून दारातून परत फिरले. मी तुला म्हणायचे, बाकी सगळं ठीक आहे, पण वर्गात 'हाय' आणि 'न्हाय' म्हणू नकोस, पोरं तसंच लिहितात. तू म्हणायचीस, "पोरांना डोळा कळला न्हव? मग 'आहे' म्हणलं काय आन् 'हाय' म्हणलं काय." हे भांडण आपण इतकी वर्षं भांडलो. यंदा दहावीच्या एका पोरानं निबंधात 'विज्ञान लय भारी हाय' असं लिहिलंय. मी लाल पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं. तू जिंकलीस असं समज.

अनुदान आलं ते तुकड्यानं आलं. आधी पगाराचा थोडा हिस्सा, मग आणखी थोडा. पहिल्यांदा खात्यावर पैसे पडले त्या शनिवारी तू म्हणालीस, घरी काही सांगू नकोस, चल. आपण भिगवणला गेलो आणि उजनीचे मासे खाल्ले. तुझं घर माळकरी, तू आयुष्यात बहुतेक दुसऱ्यांदा खात होतीस. काटा घशात अडकला तर कोरडा भात गिळायचा, हे मी तुला शिकवलं. परत येताना तू एसटीत झोपलीस माझ्या खांद्यावर. इतकं निवांत मी तुला पुन्हा पाहिलं नाही.

कारण तोवर मेघना मॅडम आल्या होत्या. आल्या म्हणजे नावानं आल्या. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांची, तात्यांची ती पुतणी. राहायला पुण्यात. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभी राहून फोटो काढायची आणि जायची. पण सरकारच्या लेखी ती आपल्यासारखीच शिक्षिका होती, आणि पगार तिलाही यायचा. गावात कुणाला हे माहीत नव्हतं असं नाही. पोरंसुद्धा तिला 'झेंड्याच्या बाई' म्हणायची. सरकारी पैसा होता, त्यामुळं तो कुणाचाच नव्हता.

मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि तात्यांनी तुला प्रभारी केलं. तू खूश होतीस. पहिल्यांदा खुर्चीवर बसलीस तेव्हा मला आत बोलावून "या बाई, बसा" म्हणालीस आणि आपण दोघी पोट धरून हसलो. काही महिन्यांनी तात्या शाळेत आले. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात उभी होते, म्हणून मी ते सगळं ऐकलं. तात्या म्हणाले, मेघनाची वर्षभराची हजेरी लावून द्या, तिच्या वाढीव पगाराचा प्रस्ताव वर पाठवायचाय. तू उठून उभी राहिलीस. म्हणालीस, "तात्या, खुर्ची घ्या तुमची. ती शाळंत येत न्हाय. मी 'येती' म्हणून कसं लिवू?"

तात्या चिडले नाहीत. ते चिडतच नाहीत, तीच तर भीती. ते माणसाला बसवतात, चहा पाजतात, निघताना डाळिंबाची पिशवी हातात देतात. तुलाही दिली. दुसऱ्या दिवशी प्रभारी म्हणून त्यांचा भाचा बसला आणि प्रस्ताव गेला. तू डाळिंबं सातवीच्या वर्गात वाटून टाकलीस आणि पुन्हा खडू हातात घेतलास. मला वाटलं, संपलं. असं काही संपत नसतं हे मला आत्ता कळतंय.

मग यंदाची चौकशी निघाली. ठिकठिकाणी शाळेत न येणाऱ्यांच्या नावानं सरकारी पगार उचलला गेलाय, म्हणून सगळ्यांचीच तपासणी. तपासणी होईपर्यंत आपल्या शाळेचा पगार बंद. ज्यांनी खाल्लं त्यांचाही, ज्यांनी शिकवलं त्यांचाही. पथक इंदापूरला बसणार आणि एकेकाचा जबाब घेणार असं कळलं. तात्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं. चहा झाला. ते म्हणाले, "घर म्हणलं की भांड्याला भांडं लागतंय. पर भाईर आवाज जाता कामा नये. मेघना रोज येती, एवढंच सांगायचं. शाळा टिकली तर आपण टिकलो." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तू तेवढी कपातल्या चहाकडं बघत बसलीस.

त्या दिवशी फाट्यावर आपण भांडलो. इतक्या वर्षांत तसं कधी भांडलो नव्हतो.

"मी खोटं सांगणार न्हाय," तू म्हणालीस.

"तुला बोलायला काय," मी म्हणाले. "तुझ्यामागं भावकी हाय. चार चुलत दीर हायेत, रान हाय. आमी भाड्याच्या घरात ऱ्हातो. आमचं आडनाव ऐकलं की माणसं आवाज बदलत्यात. उद्या काय झालं तर माझ्या दारात कोण येणार?"

"मी येईन की."

"तू एकटी येऊन काय करणार?"

तू स्कूटी स्टँडवर लावलीस. "सुजाता, भावकीचं तुला म्हाईत न्हाय. पयल्यांदा तीच सोडून जाती."

तेवढ्यात एसटी आली आणि मी चढले. चढताना वळूनसुद्धा बघितलं नाही. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही, रोज भेटणारी माणसं अशीच एसटीत चढतात. पण ते भांडण तिथंच राहिलं.

भावकीबद्दल तू बरोबर होतीस. त्याच महिन्यात तुमच्या शिवारात ऊसतोडणीची टोळी आली. शेजारचं रान तोडून झालं, आता बांधापलीकडं तुमचंच. दाजींनी टोळीसाठी चहा ठेवला होता. सकाळी बघतात तर टोळी तुमचं रान सोडून पलीकडच्या शेतात कोयते चालवतेय. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "आमाला वरनं सांगितलंय." वरनं म्हणजे कुठनं, हे त्यानं सांगितलं नाही आणि दाजींनी विचारलं नाही. चार चुलत दिरांपैकी एकजण बोलायला आला नाही. तुमचा ऊस उभ्यानं वाळायला लागला. तू मला हे सांगितलंस तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त म्हणालीस, "तुरे आल्यात बघ, लय छान दिसतंय."

तू घाबरली होतीस का? मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, घाबरण्याचं काम आपल्यात माझं आहे.

त्या रविवारी सकाळी प्राजक्ताचा फोन आला तेव्हा आधी मला वाटलं, ऊस पेटवला कुणीतरी. इतका माझा विचार तिकडंच होता. शुक्रवारपासून तुझा डावा खांदा दुखत होता, मशीनवर बसून दुखतोय म्हणून तू बाम लावत होतीस. रविवारी भाकरी थापता थापता खाली बसलीस. दाजींनी शेजाऱ्याची जीप काढली. बारामतीच्या रस्त्यावर पुढं उसाचे ट्रॅक्टर होते, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या. हॉर्न वाजवून वाजवून शेजाऱ्याचा अंगठा सुजला म्हणे. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. जीप आली, मी धावत गेले, आणि दाजी खाली उतरले ते हळू उतरले. तेव्हाच मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. लोक म्हणाले, चौकशीचा धसका घेतला बाईनं. ते ऐकलं की अजून माझ्या जिवाचा संताप होतो. धसका ज्यांनी घ्यायला हवा होता ते तर तुझ्या दहाव्याला सगळ्यात पुढं बसले होते.

तात्या बोलायलाही उभे राहिले. मंगलबाई म्हणजे शाळेचा आधार, असं शिक्षक होणं नाही, असं बरंच. आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खराच भरून आला होता. मग त्यांनी दाजींना बाजूला नेलं. "प्राजक्ताचं बी.एड. झालंय न्हव? तिला अनुकंपावर घेऊ आपल्या शाळंत. तुमी काळजी करू नका." दाजींनी हात जोडले. पुढच्याच आठवड्यात तुमच्या रानात टोळी आली आणि ऊस गेला.

नंतर मला बोलावणं आलं. तात्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला.

"सुजाताबाई, तुमी दोघी बहिणीसारख्या. म्हणून तुमच्याशीच बोलतो. मेघनाचा प्रस्ताव गेला तवा कागदावर प्रभारी कोण होतं?"

मी म्हणाले, "मंगलताई. पण त्यांनी तर..."

"मंगलबाई. बास. तेवढंच सांगायचं. मेघनाला हजर त्यांनी दाखवलं, प्रस्ताव त्यांनी केला, आमी विश्वासानं पुढं पाठवला. गेलेल्या माणसाला काय हुतंय आता? ना नोकरी, ना बदनामी. आन् बाकीचे सगळे सुटत्यात. तुमी बी."

मी पाणी प्याले. ताई, तांब्या खाली ठेवताना माझ्या हातून वाजला. तात्यांनी तो वाजलेला ऐकला आणि ते हसले, अगदी मायेनं. निघताना डाळिंबाची पिशवी दिली. मी ती घेतली. नको म्हणायचं सुचलंच नाही.

तिथून थेट तुझ्या घरी गेले. वाटलं, दाजींना सांगितलं की ते पेटून उठतील. दाजी ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तात्यांनी आदीच सांगितलंय."

"मग?"

"गेलेलं माणूस गेलं, बाई. पोरीचं आयुष्य हाय पुढं. तुमी जरा पोरीचं बगा."

मला त्यांचा राग आला नाही, ताई. तू रागावू नकोस. ते एका महिन्यात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसतात, आणि तात्यांनी त्यांच्यापुढं जे ठेवलं होतं ते त्यांच्या पोरीचं पोट होतं. मी उठले. आत स्वयंपाकघरात प्राजक्ता होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती बाहेर आली नाही.

मग जबाबाच्या दिवसापर्यंत मी कशी राहिले ते मलाच माहीत. यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुला जे झेपंल ते कर. मी तुझ्याबरोबर हाय. पर मला बी भ्या वाटतंय." त्या वाक्यानं मला थोडं बरं वाटलं. कुणीतरी ते मोठ्यानं म्हणालं. मी मनात दोन्ही जबाब पाठ केले. एक तात्यांचा, एक खरा. तात्यांचा जबाब लहान होता, पटकन पाठ झाला. खरा म्हणताना दरवेळी मी तुझ्या "खुर्ची घ्या तुमची"पाशी यायचे आणि पुढं जाता यायचं नाही. त्या दिवशी ऑफिसात हे ऐकलेले आता आम्ही दोघंच उरलो होतो. तात्या आणि मी. म्हणजे मी गप्प बसले असते, तर तू चोर ठरणार होतीस, आणि वसुली निघाली असती तर तुझ्याच घरावर. आणि स्वतः उभं राहून "मी न्हाय केलं" म्हणायला तू नव्हतीस.

सकाळी एसटी लासुर्णे फाट्यावर थांबली आणि प्राजक्ता चढली. माझ्याशेजारी येऊन बसली. मी म्हणाले, "कुठं निघालीस?"

"तुमच्यासंगट."

"दाजींना माहीत आहे?"

"पप्पांना सांगितलं न्हाय."

इंदापूरपर्यंत तिनं खिडकी उघडी ठेवली होती, तिच्या केसांना तुझ्या तेलाचा वास येत होता. मला तिला विचारायचं होतं, पोरी, मी खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, कळतंय ना तुला? पण विचारलं असतं आणि ती "मग राहू द्या, मावशी" म्हणाली असती तर? त्या भीतीनं मी विचारलं नाही. उतरल्यावर तिनंच माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "मावशी, आईनं खुर्ची सोडली त्या दिवशी घरी पुरणपोळी केली हुती. आमाला कळंना कशाची. आता कळलं."

एका जुन्या इमारतीत पथक बसलं होतं. बाकावर आपल्या शाळेतले तिघे आधीच बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग शेजारी बसलेल्या प्राजक्ताकडं पाहून नजर खाली घातली. तात्यांचा भाचा पायऱ्यांवर फोनवर बोलत होता. मी आत गेले तेव्हा त्यानं बोलणं थांबवलं.

साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान होते. शेजारी एक मुलगी जबाब टाइप करत होती. त्यांनी नाव, विषय, किती वर्षं नोकरी, विचारलं. मग विचारलं, "मेघना मॅडमना शाळेत शिकवताना तुम्ही पाहिलंय का?"

आधी आवाजच फुटला नाही. साहेबांनी पाणी मागवलं. मी प्याले आणि म्हणाले, "नाही. झेंडावंदनाला पाहिलंय."

एकदा ते बाहेर पडलं, मग बाकीचं आलं. ऑफिसात मी कुठं उभी होते, तात्या काय म्हणाले, तू काय म्हणालीस. तुझं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, 'न्हाय' आणि 'लिवू'सकट. टाइप करणारी मुलगी अडखळली, म्हणाली, "प्रमाण भाषेत लिहू ना?" मी म्हणाले, नको, त्या असंच बोलल्या. तात्यांनी मला आता काय सांगायला लावलंय तेही सांगितलं. साहेब खुर्चीत पुढं सरकले. "बाई, हे सगळं नोंदवलं जाणार, कल्पना आहे ना?" मी हो म्हणाले. दाराबाहेर तात्यांच्या भाच्याच्या चपलांचा आवाज आला आणि तिथंच थांबला. पण तोवर माझं सांगून झालं होतं.

पुढं काय होईल माहीत नाही. चौकशी चालू आहे, पगार अजून बंद आहे, प्राजक्ताच्या नोकरीचं आता कुणी बोलत नाही. दाजी माझ्याशी बोलत नाहीत, पण काल त्यांनी तिच्या हातून शेंगा पाठवल्या. एवढं मात्र झालंय की तुझ्यावर घातलेली गोष्ट तुझ्यावर राहणार नाही. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या तिघांपैकी एकानं आपला जबाब बदलून दिला असंही कानावर आलंय. शाळेत मला कुणी चहाला बोलवत नाही. स्कूटी आता प्राजक्ता चालवते. ती मला फाट्यापासून शाळेपर्यंत सोडते आणि मी गेटच्या आत जाईपर्यंत थांबते.

त्या दिवशी खोलीत शेवटी त्या मुलीनं सगळा जबाब मला वाचून दाखवला. खाली एक ठरलेली ओळ होती, सगळ्यांच्याच जबाबाला असते म्हणे: 'सदर जबाब मी कोणाच्याही दबावाखाली न येता, निर्भयपणे व स्वखुशीने देत आहे.' साहेबांनी पेन पुढं केलं.

मी म्हणाले, "साहेब, यातला 'निर्भयपणे' काढा."

"का?"

"बाकी सगळं खरं आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाले, "काढ तो शब्द." आणि मी सही केली.